जायफळाचे सात वेढे

धुकं एरवी सकाळी उठतं आणि कामाला जातं. पण एका डोंगराच्या कुशीत असं एक गाव होतं, जिथलं धुकं भलतंच आळशी. ते दिवसभर गावातच लोळत पडायचं. वीस-पंचवीस घरांचं ते गाव, आणि त्यातलं सगळ्यात शेवटचं, सगळ्यात छोटुकलं कुडाचं घर गोजराचं. त्याच्यापुढे घर नाही, रस्ता नाही, नुसतं हिरड्याचं रान.

गोजरा नऊ वर्षांची होती. तिचे बाबा मागच्या थंडीत तापाने गेले, आणि त्यांच्या मागून घरातली धान्याची मडकीही एकेक करून रिकामी झाली. तिचा भाऊ भिवा तेव्हा आईच्या पोटात होता. आता तो सात महिन्यांचा झाला होता. इवलंसं नाक, इवल्याशा मुठी, आणि आवाज मात्र साऱ्या गावाला पुरेल एवढा.

आईला गावात सगळे यमुना गुटीवाली म्हणायचे. गुटी कशी असते ते जे लहानपणी तोंड वाकडं करून प्यायले त्यांनाही आठवत नसतं, म्हणून सांगते. सहाणेवर कोमट पाण्याचे दोन थेंब घ्यायचे आणि त्यात एकेक औषध उगाळायचं. हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, वेखंड, जायफळ. सहाणेवरून औषध एकदा गोल फिरलं की झाला एक वेढा. गुटीचं माप तेवढंच. कुठल्या बाळाला कशाचे किती वेढे द्यायचे, हे आई बाळाचं पोट बोटांनी चाचपून सांगायची. रोज सकाळी ती लोकांच्या बाळांना गुटी द्यायला जायची आणि पदरात ओंजळभर नाचणी घेऊन यायची. घरच्या बाळाची गुटी गोजराकडे होती.

"हिरड्याचे दोन, मुरुडशेंगेचा एक, जायफळाचा एकच," आई रोज निघताना बजावायची. "मोजून दे गं बाय. गुटी म्हंजी काय आमटी न्हाई, मीठ जास्त झालं तर पानी वाढवाया."

गोजरा मोजून द्यायची. पण त्या आठवड्यात भिवाला दात येत होते आणि त्याने रडण्याचा नुसता सपाटा लावला होता. आई तीन रात्री त्याला खांद्यावर टाकून फिरली होती. सकाळी चूल फुंकता फुंकता ती बसल्या जागी पेंगली आणि तिच्या पदराची कड जळली. तिने ती काळी कड आत खोचली आणि तशीच कामाला गेली. गोजराने ते पाहिलं. आज आई येईल तेव्हा घर शांत असलं पाहिजे, तिला घटकाभर तरी झोप मिळाली पाहिजे, असं तिने ठरवलं.

जायफळाने झोप येते हे तिला ठाऊक होतं. एका वेढ्याने थोडी येते, मग जास्त वेढ्यांनी जास्त येईल, असा तिचा सरळ हिशोब. तिने जायफळ हातात घेतलं आणि फिरवलं. एक, दोन, तीन. सहाणेवर तपकिरी, सुगंधी गंध साचला. चार, पाच. भिवा रडतच होता. सहा, सात.

भिवा झोपला. आई आली तेव्हा घर गप्प होतं. ती गोजराकडे बघून हसली आणि जमिनीवर आडवी झाली. गोजराला वाटलं, आपल्याइतकं शहाणं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी भिवा जागा झाला, पण रडला नाही. दूध दोन घोट घेतलं आणि उलटून टाकलं. त्याचं पोट फुगून तट्ट झालं होतं. आईने त्याच्या पोटाला कान लावला. निरोगी पोट कधी गप्प नसतं, ते सारखं काहीबाही पुटपुटत असतं. भिवाच्या पोटात काहीच हलत नव्हतं.

"गोजरे," आई म्हणाली, "काल जायफळ किती दिलंस?"

आता खरं सांगायचं होतं. पण लोक काय म्हणतील, ते गोजराच्या डोळ्यांपुढे आलं. गुटीवालीच्याच घरात गुटीने बाळ आजारी पडलं, असं म्हणतील. मग आईला कोण बोलावणार, नाचणी कुठून येणार? आणि आईचा चेहरा? 

"एक वेढा," गोजरा म्हणाली.

आईने विश्वास ठेवला. जो कधी खोटं बोललेला नसतो, त्याचं पहिलं खोटं लगेच खपतं. आईला वाटलं, वारा धरला असेल. तिने ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून पोट शेकलं, बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं. मग एका ओल्या बाळंतिणीकडे जाणं चुकवता येत नव्हतं, म्हणून गेली.

गोजराने भिवाला झोळीत बांधलं, पाठीवर घेतलं आणि ती हिरड्याच्या रानात शिरली. तिला कुणापुढे तरी रडायचं होतं आणि गावात कुणापुढे रडायची सोय नव्हती. धुक्यात झाडं करडी करडी दिसत होती. एका जुन्या, खरबरीत हिरड्याखाली ती बसली आणि रडली.

तेव्हा धुक्याचा एक तुकडा पिवळा झाला. मग हळदीसारखा, मग कोवळ्या पालवीसारखा हिरवट सोनेरी. फांदीवरून चमचमत एक परी खाली उतरली. ती गोजराच्या हाताच्या पंजाएवढी होती. हिरड्याच्या फळाला असतात तशा पाच कडा तिच्या पिवळ्या झग्याला होत्या, आणि पंख इतके पातळ की त्यांतून पलीकडचं धुकं दिसत होतं. तिच्या डोक्यावर दवाचे तीन चिमुकले थेंब लुकलुकत होते.

"माझ्या झाडाला खारट पाणी चालत नाही," परी मायेने म्हणाली. "काय झालं बाळा?"

गोजराने झोळी सोडून भिवाला पुढे घेतलं. परी त्याच्या पोटावर उतरली, अगदी अलगद, आणि पावलांनी ऐकावं तशी उभी राहिली.

"चाल थांबली आहे," ती म्हणाली.

"कसली चाल?"

"पोटाची. तुम्हाला वाटतं खाल्लेलं आपोआप खाली पडतं. पडत नाही गं. पोट आणि आतडं त्याला पुढे पुढे ढकलतात, हळूहळू, सुरवंट चालतो तसं. सुंठ त्यांना ऊब देते. ओवा आणि हिंग अडलेला वारा वाट करून काढतात. मुरुडशेंग पीळ सोडवते. माझा हिरडा म्हणतो, चल. आणि जायफळ म्हणतं, थांब जरा, झोप. सगळी गुणाची आहेत. पण प्रत्येकाने आपापलं बोलून गप्प बसायचं असतं." तिने मान तिरपी केली. "माझ्या डोक्यावर तीन थेंब आहेत, तेवढ्या तीन गोष्टी तुला मागता येतील."

"मग मी जायफळ दिलंच नव्हतं असं कर," गोजरा घाईघाईने म्हणाली.

"गिळलेलं परत बोलावता येत नाही. ते माझ्याही हातात नाही. दुसरं म्हणजे औषध मी देईन, पण उगाळायचं माणसाच्या हाताने. आणि मागितलंस की मी एक प्रश्न विचारीन. उत्तर जेवढं खरं, तेवढाच गुण येईल."

"भिवाचं पोट चालू दे."

"जायफळ किती वेढे दिलंस?"

रानात कुणी नव्हतं. पण खोट्याला एकदा घरात घेतलं की ते पाहुण्यासारखं जात नाही, भाऊबंदांना बोलावतं.

"दोन," गोजरा म्हणाली.

 परीच्या डोक्यावरचा एक थेंब विझला. गोजराच्या तळहातावर एक काळाभोर, टणक, मनुकेएवढा बाळहिरडा आला. "दोनाला पुरेल एवढा आहे," परी म्हणाली आणि धुक्यात मिसळून गेली.

गोजराने घरी येऊन तो उगाळला. एका वेढ्यात अर्धा झाला, दुसऱ्या वेढ्यात संपला. तिने भिवाला चाटवला आणि पोटाला कान लावून बसली. खूप वेळाने आत एक बारीकसा आवाज झाला, गुड्, आणि पुन्हा सगळं गप्प. संध्याकाळी आई आली. भिवा कण्हत होता, त्याचे डोळे खोल गेले होते. आईने त्याला मांडीवर घेतलं ते सोडलंच नाही.

तिसऱ्या दिवशी आई कामाला गेली नाही. उजाडताच तिने गोजराला ओढ्यावर पाण्याला पाठवलं. गोजरा घागर घेऊन निघाली आणि ओढा सोडून रानाकडे पळाली.

वाटेत कपिली आडवी पडली होती. कपिली म्हणजे गावातल्या एका म्हाताऱ्याची एकुलती एक गाय. तिचं पोट डाव्या बाजूने डोंगराएवढं वर आलं होतं, पाय ताठ झाले होते आणि तिचं पांढरंशुभ्र पाडस तिच्या तोंडाला तोंड लावत होतं. गोजरा तिला ओलांडून पुढे गेली. दहा पावलं गेली. मग थांबली. पाडस ओरडत नव्हतं, नुसतं बघत होतं, आणि गोजराला ते बघणं पाठीत बोचलं.

परी शेजारच्या झुडपावर बसलेली होती. डोक्यावर दोनच थेंब.

"हिचं पोट उतरू दे," गोजरा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, कारण तिला दोनपर्यंत मोजता येत होतं.

"हिला काय झालं?"

"काल मी हिला ओढ्याकाठी ओलं कोवळं गवत खाताना बघितलं होतं. त्याने पोट फुगतं, हाकलायला पाहिजे होतं. मी भिवाच्या नादात होते, हाकललं नाही."

"हे सगळं खरं," परी म्हणाली, आणि दुसरा थेंब विझला. गोजराच्या हातात ओव्याची आणि हिंगाची पुडी आली. तिने मागे ओढ्यावर पळत जाऊन घागर बुचकळली, पुडी पाण्यात कालवली आणि कपिलीच्या जबड्याच्या कडेने थोडं थोडं पाजलं. मग तिची मान वर धरून पोट चोळत राहिली. थोड्या वेळाने कपिलीने असा ढेकर दिला की झाडांवरचं दव खाली सांडलं. पाडस दचकून उताणं पडलं. औषध असा पुरता गुण देताना गोजराने आज पहिल्यांदा पाहिलं, आणि तिला हसू आलं नाही. का आलं नाही, ते तुम्हाला कळलंच असेल. काल याच परीचं औषध का थकलं होतं, ते तिला आता नीट कळलं होतं.

"सात," ती म्हणाली. परीने विचारायच्या आधीच. "सात वेढे. आईला झोप मिळावी म्हणून. भिवाचं पोट चालू दे."

 तिसरा थेंब मात्र विझला नाही. परीने तिच्या तळहातावर एक बाळहिरडा ठेवला, कालच्यापेक्षा थोरला.

"काल खरं बोलली असतीस तर तुझ्याच हाताने चाललं असतं," ती म्हणाली. "आता भिवा फार थकला आहे. कुठे थांबायचं हे कळणारा हात हवा. हा तुझ्या आईने उगाळायचा, आणि उगाळण्याआधी तिला सात हा आकडा ठाऊक हवा."

"आईला नको सांगायला. तू माझी आई हो ना. ज्याला आई नाही त्याची आई हिरडा, असं आईच म्हणते."

"बरोबर म्हणते. पण तुला आहे."

"ती मला टाकून देईल."

"देणार नाही, असं मी सांगू शकत नाही," परी हळूच म्हणाली. "तेवढं मला ठाऊक नाही."

गोजरा घरी निघाली.  दारातून तिने आत पाहिलं. भिवा आईच्या मांडीवर होता, मेणासारखा पिवळट. आई एका हाताने सहाणेवर काहीतरी फिरवत होती. घरभर जायफळाचा वास सुटला होता.

"आई, काय करतेस?"

"सारखा कण्हतोय गं. घटकाभर डोळा लागला तर बरं वाटंल त्याला. एक वेढा तर तू दिलावतास, एक म्या काल दिला, आज एक."

गोजराच्या हातून घागर पडली आणि फुटली. तिने धावत जाऊन आईचा हात सहाणेवरच दाबून धरला.

"सात दिले होते," ती म्हणाली. "एक नाही. मी सात दिले होते."

आईचा हात थांबला. बाहेर धुकं होतं, आत चूल विझलेली होती. आईने गोजराकडे पाहिलंच नाही. ती सहाणेवरच्या तपकिरी गंधाकडे बघत राहिली, आणि तिचे ओठ हलले.

"सात," ती म्हणाली. "आन् वर एक माझा."

"मला मार," गोजरा म्हणाली.

"मारून त्याच्या पोटातलं भाईर येनार हाय व्हय?" आईचा आवाज खरबरीत झाला होता. "सहाण धू. आधी सहाण धू, लख्ख."

गोजराने सहाण धुतली. तिने बाळहिरडा पुढे केला. तो कुठून आणला ते आईने विचारलं नाही, फक्त नखाने खरवडून, जिभेला लावून पाहिला. मग ती उगाळू लागली. गोजरा वेढे मोजत होती, पण आई मोजत नव्हती. ती एका हाताने भिवाचं पोट चाचपायची, मग थोडं फिरवायची, मग पुन्हा चाचपायची. एका ठिकाणी ती थांबली. हिरडा अजून अर्धा उरला होता. तिने त्यात मुरुडशेंगेचा एक वेढा घातला, बोटाने थेंब थेंब भिवाला चाटवला, आणि कोमट एरंडेल घेऊन बेंबीभोवती हलक्या हाताने गोल गोल चोळू लागली.

दुपार झाली. आईचा हात चोळतच होता. गोजरा भिंतीशी बसून होती. आईच्या जवळ जावं असं तिला फार वाटत होतं आणि जाता येत नव्हतं. भिवाचा श्वास बारीक चालला होता. आपण सकाळी सांगितलं असतं तर, काल सांगितलं असतं तर, परवाच सांगितलं असतं तर, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

मग आवाज आला. गुड्.  गुड् गुड्. मग गुडगुड, गुडगुड, डोंगरातून ओहोळ उतरावा तसा. भिवाने पाय पोटाशी घेतले, तोंड लालबुंद केलं आणि दुपटं भरून टाकलं. हसायचं असेल तर हसा, पण त्या घरात त्या दिवशी त्या घाण वासाइतकं गोड काहीच नव्हतं. भिवा टाहो फोडून रडला. भूक लागल्याचं, चांगलं खणखणीत रडणं.

आईने त्याला छातीशी लावलं आणि ती रडू लागली. मग दुसरा हात लांब केला. गोजरा त्या हाताखाली जाऊन शिरली.

"म्या तुला कधी मारलंय का गं?" आई म्हणाली. "मग सांगाया का भ्यालीस?"

गोजराने आईच्या पदराची ती काळी कड मुठीत घट्ट धरली.

भिवाला पाजताना आईचा डोळा लागला. तेव्हा दारातलं धुकं सोनेरी झालं. उंबऱ्यावर परी उभी होती. तिच्या झग्याच्या पाची कडा लखलखत होत्या आणि डोक्यावर तो एकुलता थेंब.

"हा अजून तुझाच आहे," ती म्हणाली. "भिवाला तुझ्या आईने बरं केलं. तो मोजला नाही मी."

गोजराने विचार केला. नाचणीची कोठी मागावी का? नवं घर मागावं का? पण तिला आठवत होतं ते एकच, पोटाला कान लावून बसलेली ती भयाण संध्याकाळ, काहीच न कळणारी.

"मला पोटातलं ऐकू येऊ दे," ती म्हणाली. "कुणाचंही. म्हणजे मला कधी चुकीचा वेढा द्यावा लागणार नाही."

परीने या वेळी प्रश्न विचारला नाही. ती उडत आली आणि तिने तो थेंब गोजराच्या कानात ठेवला. गार, हिरवा, झुळझुळता. मग तिचा झगा उजळला, पंख उजळले, आणि सगळी परीच प्रकाश होऊन दारातून बाहेर सांडली. क्षणभर रानातला हिरडा न् हिरडा सोन्याचा झाला. मग उजेड विरला आणि धुकं पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसलं.

गोजरा कान देऊन बसली. भिवाचं पोट आता छान पुटपुटत होतं, दूध पुढे पुढे सरकत होतं. ती ऐकत राहिली, हसत राहिली.

तेवढ्यात तिला दुसरं पोट ऐकू आलं. त्यात काही सरकत नव्हतं, ढकलायला काहीच नव्हतं. ते पोकळ होतं, आणि स्वतःलाच पिळत होतं. गोजराने घरभर पाहिलं. घरात तिघंच होती.

तिने उठून उतरंड चाचपली. तळाच्या मडक्यात मूठभर पीठ होतं. तिने चूल पेटवली, एक जाडसर भाकरी थापली, भाजली आणि आईच्या पुढ्यात ठेवली. आई जागी झाली.

"तू खा गं बाय," ती लगेच म्हणाली. "म्या काल बाळंतिणीकडं पोटभर जेवले. रोजच जेवते की तिकडं."

गोजराने भाकरी उचलली नाही.

"आई," ती म्हणाली, "कधी जेवलीस? खरं सांग."

आईने तोंड उघडलं. मग तिने मांडीवरच्या भिवाकडे पाहिलं, धुऊन उपडी ठेवलेल्या सहाणेकडे पाहिलं, आणि खाली बघत म्हणाली, "चार दिस झाले."

गोजराने भाकरीचा तुकडा मोडला आणि आईच्या तोंडाशी धरला. आई पहिला घास चावू लागली. तो खाली उतरेपर्यंत गोजरा तिच्याजवळ बसून ऐकत राहिली.